उस्ताद गेला, क्लीनरही गेला

लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत ज्या चालकाच्या शेजारी दुसरा चालक बसलेला नसतो आणि मागच्या फळीवर क्लीनरही झोपलेला नसतो, त्याला या धंद्यात ‘सिंगल’ म्हणतात. आणि प्रशिक्षण संपवून, लायसनवर अवजड वाहनाची नोंद करून घेऊन पहिल्यांदाच सिंगल निघालेला चालक हा अभ्यासकांकडून फार उपेक्षिला गेलेला मनुष्य आहे. त्याला गाडी चालवता येते की नाही, हे शासनाने तपासलेले असते. परंतु एकट्याने ताडपत्री आवळता येते का, गाडीच्या पुढे आणि मागे एकाच वेळी उभे राहता येते का, आणि गोदामाच्या फाटकाबाहेर दीड दिवस कोणाशीही न भांडता बसता येते का, हे कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही. वास्तविक त्याच्या नोकरीचा मोठा भाग याच तीन विषयांचा असतो.

या विषयाच्या अभ्यासासाठी भांडुपची निवड केवळ सोयीची नाही. भांडुपमधून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग हाच जुना आग्रा रोड असल्यामुळे इथल्या चालकाला महामार्ग शोधत कुठे जावे लागत नाही. वस्तीतून खाली उतरले की तो सुमारे १२०० किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर उभा असतो. त्यातल्या सोनापूर ते मुलुंड चेकनाका एवढ्या तुकड्याला लागणारा वेळ प्रवासात धरायचा की मुक्कामात, एवढाच प्रश्न उरतो. शिवाय मालवाहतुकीच्या इतिहासात भांडुपला स्वतंत्र स्थान आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आले असताना मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढचे थळ व बोर घाट लोहमार्गाने जोडावेत, ही कल्पना त्यांना प्रथम सुचली, अशी नोंद रेल्वेच्या इतिहासात आढळते. दूरवर माल न्यायचा असेल तर रस्त्याच्या भानगडीत पडू नये, हा निष्कर्ष एका माणसाने भांडुपमध्ये उभे राहून काढावा, आणि तोही रस्त्यावर रिक्षा, टेम्पो किंवा मेट्रोचे खांब यांपैकी काहीही नसताना काढावा, यावरून त्याच्या दूरदृष्टीची कल्पना येते. त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली तरी देशातला बहुतांश माल रस्त्यानेच जातो, ही गोष्ट वेगळी.

पश्चिमेला टेकडीच्या अंगाने वाढलेल्या कोकण नगर, टेंभीपाडा, तुळशेतपाडा या वस्त्यांत वाहन चालवणे हा व्यवसाय नवा नाही, परंतु त्यातही एक उतरंड आहे. बेस्टचा चालक हा तिच्या शिखरावर, कारण त्याला गणवेश असतो आणि तो रात्री घरी येतो. त्याच्या खाली महापालिकेच्या गाडीवरचा, मग कंपनीच्या बसवरचा, मग स्वतःची रिक्षा असलेला, मग दुसऱ्याची रिक्षा असलेला, आणि लांब पल्ल्याचा ट्रकचालक या उतरंडीत नेमका कुठे बसतो, हे तो लग्नाचा होईपर्यंत कोणी स्पष्टपणे सांगत नाही. स्थळे येऊ लागली की घरचे मुलाच्या कामाला ‘ट्रान्सपोर्ट लाईन’ म्हणू लागतात, आणि अलीकडे त्याच्याही पुढे जाऊन मुलगा लॉजिस्टिक्समध्ये आहे असे सांगण्याची प्रथा रूढ होत आहे. मुलीकडच्यांपैकी कोणी लॉजिस्टिक्समध्ये म्हणजे नेमके काय करतो असे विचारलेच, तर सगळे संभाळतो, असे उत्तर दिले जाते. ते पुढे दिसेल त्याप्रमाणे अक्षरशः खरे आहे.

प्रशिक्षणाची कायदेशीर बाजू तशी सुबक आहे. व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष जवळ असल्याखेरीज शिकाऊ लायसनही मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये अशा वाहनाचे शिक्षण किमान ३० दिवसांचे असते आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १५ तास यावे लागतात. २०२१ मध्ये आलेल्या मान्यताप्राप्त केंद्रांच्या योजनेत हाच अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा केला गेला. या तासांत चिन्हे, गिअर, आरसे, इंजिनची ओळख आणि रस्त्यावरील सौजन्य हे सारे शिकवले जाते. शिकवणीची गाडी मात्र रिकामी असते. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक ही व्यवहारात दोन निरनिराळी वाहने होत, आणि दहा चाकांच्या ट्रकला २०१८ पासून मालासह साडेअठ्ठावीस टनांपर्यंत वजनाची मुभा असल्यामुळे, नवा चालक पहिल्या दिवशी ज्या वस्तूला ब्रेक लावतो ती त्याने आयुष्यात पूर्वी कधीच चालवलेली नसते.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी क्लच आणि ब्रेकची वेगळी जोडी असावी लागते, म्हणजे शिकाऊ चुकला तरी गाडी थांबते. त्यामुळे शिकणाऱ्याच्या मनात अशी एक श्रद्धा रुजते की आपण दाबो वा न दाबो, योग्य वेळी ब्रेक लागतो. लायसन मिळाल्यावरही ही श्रद्धा काही काळ टिकून राहते. उतारावर त्याची नजर नकळत डावीकडे, शिक्षकाच्या पायांच्या जागी वळते, आणि तिथे त्याला घरून दिलेला डबा आणि पाण्याचा कॅन दिसतो.

जुनी पद्धत अशी नव्हती. पूर्वी ट्रकचालक शाळेत घडत नसे, तो क्लीनर म्हणून घडे. क्लीनर म्हणजे गाडी धुणारा, एवढाच अर्थ कोशात सापडेल. प्रत्यक्षात तो चालकाचा डावा डोळा, गजर, स्वयंपाकी, रखवालदार आणि राग काढण्याची हक्काची जागा असे. चालकाला तो उस्ताद म्हणे, आणि उस्ताद त्याला काही वर्षे शिव्या देऊन झाल्यावर एखाद्या मध्यरात्री, रस्ता मोकळा पाहून, स्टिअरिंग त्याच्या हाती देई. या विद्यालयाला कोणत्याही शासनाची मान्यता नव्हती आणि त्याची परीक्षापद्धती सर्वस्वी बेकायदा होती, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातून बाहेर पडणाऱ्याला टायर, दोर, ढाबेवाले, पोलीस आणि एकांत या पाचही विषयांत गती असे. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत अशी जी अट पूर्वी होती, ती २०१८ मध्ये काढण्यात आली, कारण गाडीवर फास्टॅग आणि ठावठिकाणा सांगणारे यंत्र आले होते. दुसऱ्या माणसाचे काम यंत्र करील, असा हा तर्क असावा. यंत्र गाडी कुठे आहे हे खरोखरच बिनचूक सांगते; मात्र चढावर गाडी थांबली असता उतरून चाकाखाली दगड लावण्याची सुविधा त्यात अद्याप आलेली नाही. क्लीनरला तर कोणत्याही अटीचे संरक्षण नव्हतेच, आणि भाड्याचे गणित बिघडत गेले तसा त्याचा भत्ता सर्वांत आधी दिसेनासा झाला.

परिणामी आजच्या सिंगल चालकाला उस्ताद आणि क्लीनर ही दोन्ही पदे एकाच वेळी भूषवावी लागतात. मागच्या जोडचाकांतले आतले चाक बसले तर ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर टायरवर लोखंडी पहार आपटून आवाज ऐकायचा असतो. पूर्वी क्लीनर आपटत असे आणि उस्ताद चहा पिता पिता आवाज ओळखत असे, आता आपटणाराच ऐकणारा झाला आहे. सिएटचा टायर कारखाना ज्या भांडुपमध्ये आहे तिथल्या मुलाला टायरची पारख जन्मतः असावी अशी लोकांची समजूत असते, परंतु नव्या चालकाच्या वाट्याला येणाऱ्या गाडीला बहुधा रिमोल्ड टायर, म्हणजे झिजलेल्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेले टायर असतात, आणि त्यांची पारख फक्त दैवाला असते. सर्वांत नव्या माणसाला सर्वांत जुनी गाडी, हा या धंद्यातला अलिखित पण अत्यंत काटेकोरपणे पाळला जाणारा नियम आहे. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, या बातमीने त्याच्या घामात तूर्त काही फरक पडलेला नाही. ताडपत्री आवळताना एका बाजूचा दोर ओढला की दुसरी बाजू सैल होते, मग तो तिकडे जातो आणि पहिली बाजू सैल होते. शेवटी तो स्वतःला उद्देशून एक सणसणीत शिवी हासडतो. त्या क्षणी उस्तादाची आणि क्लीनरची परंपरा एकाच देहात पूर्ण होते.

क्लीनरच्या अभावाचा खरा कस मात्र मागे घेण्यात लागतो, आणि या बाबतीत भांडुपने जी पर्यायी व्यवस्था उभी केली आहे तिची नोंद सविस्तर घेतली पाहिजे. शास्त्री मार्गालगतच्या औद्योगिक वसाहतींतले गाळे, म्हणजे एकाला एक लागून असलेली छोट्या कारखान्यांची दालने, ज्या काळात बांधली गेली त्या काळात दहा चाकांची गाडी आत येईल असे कोणाच्या ध्यानीमनी नसावे. पूर्वी क्लीनर उतरून पत्र्यावर तळहाताने थापा मारत असे. थापांची लय चालू आहे तोवर यायचे आणि ती थांबली की थांबायचे, एवढी ती साधी आणि जवळजवळ निर्दोष भाषा होती. आता गाडीने रिव्हर्सचा आवाज सुरू करताच आजूबाजूच्या टपऱ्या, जिने आणि रिक्षा यांतून चारपाच माणसे आपोआप प्रकट होतात. त्यांना कोणी बोलावलेले नसते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी ट्रक चालवलेला नसतो. परंतु मागे येणाऱ्या वाहनाला दिशा दाखवणे ही या उपनगरात नागरी कर्तव्याच्या जवळ जाणारी भावना आहे.

या स्वयंसेवकांची वर्तणूक काही काळ न्याहाळल्यास त्यांच्यातले भेद स्पष्ट होतात. बंद पडलेल्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका हे सर्वांत अधिकारवाणीने बोलतात, कारण त्यांच्या काळी याच फाटकातून याहून मोठी गाडी एका झटक्यात आत गेलेली असते. त्यांचा ‘आण, आण, आण’ हा आदेश अंतरावर अवलंबून नसून उत्साहावर अवलंबून असतो. वसाहतीच्या वॉचमनचे लक्ष संपूर्ण ट्रकपैकी फक्त त्याच्या फाटकाच्या खांबाजवळ असलेल्या तेवढ्याच तुकड्याकडे असते, म्हणून उरलेला ट्रक कशावर आदळतो याबद्दल तो तटस्थ राहतो. रिक्षावाल्याला गाडी आत जाण्यापेक्षा रस्ता मोकळा होण्यात रस असतो आणि तो दोन्ही हातांनी दोन वेगळ्या दिशा दाखवू शकतो. एक शाळकरी मुलगा असतो, जो खरोखर योग्य सांगत असतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. आणि तो ट्रकच्या बरोबर मागे, आरशात न दिसणाऱ्या जागी उभा असल्यामुळे त्याचा सल्ला चालकापर्यंत पोचतही नाही. नव्या चालकाचा स्वभाव भिडस्त असल्यास तो उरलेल्या तिघांचेही थोडे थोडे ऐकतो. त्यानंतर जो आवाज येतो, त्याच्या पाठोपाठ हे सर्व मार्गदर्शक ज्या वेगाने आपापल्या टपरीत, जिन्यात आणि रिक्षात परततात, त्या वेगाने शास्त्री मार्गावर दुसरे काहीही हललेले दिसत नाही. वॉचमन तेवढा मागे राहतो आणि खांबाची रक्कम सांगतो.

घाटाचे प्रकरण विनोदाला तितकेसे मानवत नाही, म्हणून ते थोडक्यात. नाशिककडून परतीचे भाडे घेऊन, म्हणजे बहुधा वाशीच्या बाजारासाठी कांदा भरून, कसारा घाट उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवावी, असे शिकवलेले असते. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर जाण्याची वाट अडवून इंजिनकरवीच गाडीला आवर घालण्याची युक्ती, वापरावी असेही शिकवलेले असते. दुसरीकडे मालकाला, ज्याला सारे शेठ म्हणतात, ‘अ‍ॅव्हरेज’ हवे असते, म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये गाडी जास्तीत जास्त पळावी असे वाटते, आणि ढाब्यावरचा प्रत्येक अनुभवी माणूस उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याचा सल्ला देतो. न्यूट्रलमध्ये इंजिनची पकड सुटते, सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, ते तापून निकामी होत जातात आणि वारंवार दाबल्याने टाकीतली हवाही उतरते. वाचलेल्या डिझेलचा हिशेब करायला मग चालक उरत नाही. नवा चालक या बाबतीत सुदैवी म्हणायचा, कारण त्याला अजून भीती वाटते.

वेळेच्या बाबतीत मात्र त्याची गाठ दोन परस्परविरोधी कल्पनांशी पडते. मालाबरोबर जे ई-वे बिल असते, म्हणजे जीएसटीच्या व्यवस्थेतला मालाचा प्रवासदाखला, त्याची मुदत प्रत्येक २०० किलोमीटरला एक दिवस या दराने मोजली जाते. कायद्याच्या दृष्टीने दिवस म्हणजे २०० किलोमीटर. महामुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असल्यामुळे, आणि जी वेळ गर्दीची नाही ती कोणती हे फक्त बंदीच्या आदेशावरूनच कळत असल्यामुळे, भांडुपच्या दृष्टीने दिवस म्हणजे पुष्कळदा भिवंडी. तिथे गोदामाबाहेर रांग असते. गाडी खाली करण्याचे पैसे कोणी द्यायचे, हा ‘वाराई’ नावाचा वाद असतो. माल उतरवून घेणारा तो खर्च ट्रकवाल्याच्या माथी मारू पाहतो आणि ट्रकवाला नियमावर बोट ठेवतो. ज्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला ते माथाडी कामगार हा वाद संपेपर्यंत शांतपणे बसून राहतात, कारण त्यांची संघटना आहे. सिंगल चालकाची संघटना त्या क्षणी एका माणसाची असते आणि तिचे पदाधिकारी झोपेला आलेले असतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. रांगेत उभ्या असलेल्या चालकाला मात्र विश्रांतीनंतरचे काम मिळवण्यासाठी झगडावे लागते, ही शक्यता कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी.

नाक्यावरचा अनुभवही उद्बोधक असतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला, अवजड वाहनांना झाला नाही. त्यामुळे चुलतभावाच्या मोटारीत मागे बसून मुलुंडचा नाका फुकट ओलांडणारा मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर ट्रक घेऊन आला की त्याच्या फास्टॅगमधून पैसे वजा होतात.

इतके सगळे असूनही या चालकाला एकटा म्हणणे कितपत योग्य, हा प्रश्न अभ्यासकाला पडल्याशिवाय राहत नाही. केबिनमध्ये फोन असतो. गाडी दहा मिनिटे थांबली की शेठचा फोन येतो, कारण नकाशावरचा ठिपका हललेला नसतो. त्यानंतर ट्रान्सपोर्टच्या कचेरीतून फोन येतो, कारण शेठने त्यांना केलेला असतो. गाडी चालू असली की घरून फोन येतो. कोकणातून येऊन भांडुपला स्थिरावलेल्या घरांत लांबचा प्रवास म्हणजे गणपतीला गावी जाणे, आणि त्याचे परिमाण पनवेल, महाड, चिपळूण असे ठरलेले असते. त्या परिमाणात इंदूर बसत नाही. तरीही अल्पावधीत त्या घरातली आई धुळ्याचा बायपास, शिरपूर आणि सेंधवा यांचा क्रम तोंडपाठ करते, शिरपूर गेले का असे विचारते, आणि त्यानंतर जेवलास काय, हा मूळ प्रश्न विचारते. वैचित्र्य असे, की ज्या प्रवासासाठी या मुलाने ट्रक चालवायला शिकावे असे घरच्यांना मनातून वाटले असेल, तोच त्याला ट्रकने करता येत नाही, कारण गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी घातली जाते. गाडी कुठेतरी लावून तो एसटीच्या जादा गाडीने गावी जातो आणि वाटेत तिच्या चालकाचे दोष काढतो.

फोन बंद पडतो तिथे खरा एकटेपणा सुरू होतो, आणि त्यासाठी समृद्धी महामार्गाइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्यावर सिग्नल नाही, बैल नाही, आडवी येणारी एसटी नाही आणि भांडण्यासारखे कोणीही नाही. अशा सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू हळूहळू कामावरून उठून जातो, याला तज्ज्ञ महामार्ग-संमोहन म्हणतात. भांडुपमध्ये वाढलेल्या माणसाला त्याचा धोका अधिक असावा, कारण शंभर मीटर मोकळा रस्ता दिसणे हीच त्याच्या दृष्टीने स्वप्नावस्था असते. पूर्वी यावर क्लीनर हा उपाय होता. तो गप्पा मारी, गाणे म्हणे, आणि स्वतः झोपला तर उस्ताद त्याच्यावर ओरडण्याच्या निमित्ताने जागा राही.

शहराला या माणसाची आठवण क्वचित होते. जानेवारी २०२४ च्या आरंभी, अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या नव्या तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा मुंबईच्या पेट्रोल पंपांवर काही तासांत रांगा लागल्या आणि पेट्रोल जमिनीतून येत नसून टँकरमधून येते, हे अनेकांना नव्याने समजले. ती तरतूद अंमलात आणणे लांबणीवर पडले, रांगा विरल्या आणि ज्ञानही विरले.

क्लीनर परत येण्याची चिन्हे नाहीत, तेव्हा भांडुपच्या नागरिकांकडून किमान अपेक्षा एवढीच आहे. मागे येणाऱ्या ट्रकला दिशा दाखवण्याची हौस आवरत नसेल तर ती चौघांनी न दाखवता एकाने दाखवावी, चालकाच्या आरशात आपण दिसू अशा ठिकाणी उभे राहून दाखवावी, ‘थांब’ हा शब्द भिंत लागण्यापूर्वी उच्चारावा, आणि गाडी आत लागल्यावर वसाहतीतले शौचालय कुठे आहे तेही त्याला न विचारता सांगून टाकावे.